दोन बोटे हवा

माझा भाचा सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि चेन्नईच्या मैलापुरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. गेल्या वर्षी त्याने आपल्या स्विफ्ट हॅचबॅकची चौदा इंची चाके उतरवली आणि सतरा इंची अलॉय बसवून घेतली. टायर अर्थातच पातळ, लो प्रोफाइल. गाडी दाखवायला आला तेव्हा म्हणाला, “मामा, आता गाडी रस्त्याला धरून चालते. ब्रेकही आधीपेक्षा चांगले लागतात. आणि महागड्या गाड्यांना असेच टायर असतात, ते काय उगीच?” एवढ्यात त्याचे तीन दावे झाले. ते त्याच्या एकट्याचे नाहीत. टायरच्या दुकानात, जनरल पॅटर्स रोडवरच्या अॅक्सेसरीजच्या बाजारात, नव्या गाडीच्या शोरूममध्ये हेच तीन दावे इतके रुळले आहेत की ते कोणी तपासत नाही. मोठी रिम आणि पातळ टायर म्हणजे जास्त सुरक्षित गाडी, हे आता गृहीतच धरले जाते. हे मत मला चुकीचे वाटते. आमच्या गल्लीबोळांत चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर ते सरळ उलटे आहे.

रॉयपेट्टा हाय रोडवर १९०६ पासून मद्रास संस्कृत कॉलेज उभे आहे. तिथे शिकवल्या जाणाऱ्या शास्त्रांची एक रीत मला फार पटते. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या चोखपणे मांडायचे, मगच उत्तर द्यायचे. टायरसारख्या विषयालाही ती रीत लावायला हरकत नाही, कारण पातळ टायरची बाजू खरोखरच पोकळ नाही.

त्याआधी आकड्यांची ओळख करून घेऊ. मारुती स्विफ्टच्या स्वस्त प्रकारांना १६५/८० आर १४ हा टायर येतो. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर बाजूच्या भिंतीची उंची, आणि रिम १४ इंचांची. त्याच गाडीच्या महाग प्रकारांना १८५/६५ आर १५ येतो, तिथे भिंत सुमारे १२० मिलिमीटरची. भाच्याने बसवलेला टायर २०५/४५ आर १७. त्याची भिंत ९२ मिलिमीटर. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच भरतो, ६१६ ते ६२२ मिलिमीटरच्या दरम्यान. म्हणजे बोलताना आपण ‘चाक मोठे केले’ म्हणतो, पण चाक मोठे झालेलेच नसते. लोखंड किंवा अॅल्युमिनियम वाढलेले असते आणि हवेची उंची घटलेली असते. १३२ मधून ९२ गेले की उरले ४० मिलिमीटर, जेमतेम दोन बोटे. सगळा वाद या दोन बोटांचा आहे.

आता पूर्वपक्ष. गाडी वळते तेव्हा रस्त्याला चिकटलेला टायरचा तळ एकीकडे राहतो, गाडीचे वजन दुसरीकडे ओढते, आणि मधली रबराची भिंत आडवी झुकते. भिंत जितकी उंच तितकी ती जास्त झुकते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीने दिशा घ्यायला तितकाच उशीर होतो. भिंत आखूड केली की हा उशीर कमी होतो. टायरच्या इतिहासात हे कळून आले ते रेडियल टायरमुळे. मिशलॅने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले. पोलादी तारांच्या पट्ट्याने टायरचा तळ घट्ट बांधला गेला आणि भिंत वेगळी, मऊ ठेवता येऊ लागली. तळ स्थिर झाल्यावर भिंत आखूड करण्याचे धाडस शक्य झाले. १९७०च्या दशकाच्या मध्यात पिरेलीचा पी-७ आला, आधी रॅलीच्या गाड्यांसाठी, आणि मग पोर्शे ९११ टर्बोला ५० च्या मालिकेचे, म्हणजे रुंदीच्या ५० टक्के भिंतीचे, टायर लागले. ताशी दोनशेच्या वर पळणाऱ्या त्या गाडीला वळणावर त्यांचा खरा उपयोग होता. दुसरा फायदाही खराच आहे. रिम मोठी असली की तिच्या आत ब्रेकची मोठी डिस्क मावते, आणि मोठी डिस्क तापून निकामी व्हायला वेळ लागतो. जड आणि वेगवान गाड्यांची चाके वाढत गेली त्यामागे हे एक ठोस कारण आहे. एवढे सगळे मी मान्य करतो.

प्रश्न असा की यातले भाच्याच्या गाडीला काय लागू पडते.

ब्रेकचेच पाहू. त्याने रिम बदलली, डिस्क बदलली नाही. सतरा इंची चाकाच्या आऱ्यांमधून आत पाहिले की पूर्वीची तीच लहान डिस्क दिसते, भोवती रिकामी जागा. ज्या फायद्यासाठी रिम मोठी करतात तो फायदा त्याने घेतलेलाच नाही. उलट मोठी रिम बहुधा जड असते आणि तिचे वजन मध्यापासून दूर, कडेला असते. फिरते चाक थांबवायला ब्रेकला जास्त काम पडते, आणि स्प्रिंगांच्या खाली लटकणारे वजन वाढल्यामुळे खड्ड्यातून वर आलेले चाक पुन्हा रस्त्याला टेकायलाही वेळ लागतो. तरी तो म्हणतो ब्रेक सुधारले. मी त्याच्यावर अविश्वास दाखवत नाही, सुधारले असतीलच. पण त्याने काढलेले टायर पाच वर्षे मद्रासच्या उन्हात तापून कडक झालेले होते आणि बसवलेले नवे, ताज्या मऊ रबराचे. न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ नावाची एक संकल्पना आहे. कुंभाराच्या घड्यासाठी गाढवाने माती वाहून आणली, पण म्हणून गाढव हे घड्याचे कारण ठरत नाही. कार्य घडताना ते हजर असते, इतकेच. नव्या रबराने दिलेल्या पकडीचे श्रेय रिमच्या मापाला देणे ही तीच चूक. नवे टायर जुन्याच मापाचे घातले असते तरी ब्रेक असेच लागले असते.

‘रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतो’ हा दावा आणखी खोल रुजलेला आहे, म्हणून त्याचे गणित मांडतो. गाडी आणि माणसे मिळून १२०० किलो धरले तर एका चाकावर ३०० किलो येतात. टायरमधली हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. ३०० ला २.३ ने भागा, उत्तर येते १३० चौरस सेंटीमीटर, बोटांसकट एका तळहाताएवढे. भिंतीचा ताठपणा थोडा भार उचलतो म्हणून हा आकडा ढोबळ आहे, पण मुद्दा ढोबळ नाही. वजन तेच आणि हवेचा दाब तोच असेल तर टेकलेले क्षेत्रफळ जवळपास तेच राहते. टायर रुंद केला की तळहात आडवा होतो, मोठा होत नाही. आडवा तळहात वळणावर कामाचा असतो, हे वर मान्य केलेच आहे. पण पावसात त्याची उलट बाजू दिसते. पाण्याला बाजूला सरायला आता जास्त अंतर कापावे लागते, म्हणून रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगू लागतो. नासाने १९६०च्या दशकात विमानाच्या टायरांवरून एक सूत्र काढले होते. त्याप्रमाणे ३३ पीएसआयच्या टायरला तरंगण्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि झिजलेल्या, रुंद टायरला तो आणखी खाली उतरतो. मैलापुरात या वेगाचा संबंध नाही. पण ईशान्य मान्सूनमध्ये ईस्ट कोस्ट रोडने पाँडिचेरीला निघालेल्याला आहे, आणि तोच माणूस ‘माझे रुंद टायर पावसात सुरक्षित’ अशी खात्री बाळगून निघतो.

मग महागड्या गाड्यांचे काय, आणि शर्यतीच्या? हा शब्दप्रामाण्याचा मुद्दा आहे, आणि त्याला उत्तर शर्यतीनेच दिलेले आहे. जगातल्या सर्वांत वेगवान वळणे घेणाऱ्या फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत तेरा इंची रिमवर धावत होत्या. त्यांच्या पुढच्या टायरचा व्यास ६७० मिलिमीटर होता. गणित केले तर बाजूची भिंत १७० मिलिमीटर निघते, स्विफ्टच्या सर्वांत स्वस्त प्रकारापेक्षाही उंच. याच चेन्नईचा करुण चंडोक २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो अशाच गुबगुबीत तेरा इंची चाकांवर. रिमचा व्यास नियमाने बांधलेला होता हे खरे, म्हणून ‘उंच टायरच श्रेष्ठ’ असे मी यावरून म्हणत नाही. एवढेच म्हणतो की पकड हवी तर टायर पातळच हवा, ही व्याप्ती, म्हणजे दोहोंतला अटळ संबंध, खोटी आहे. १८ इंची चाके तिथे २०२२ मध्ये आली, आणि रस्त्यावरच्या गाड्यांशी साम्य राखणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे अनुकरण कोणी कोणाचे केले, तेही नीट पाहावे लागते.

आता मुख्य मुद्दा. पातळ टायरच्या चर्चेत बाजूची भिंत म्हणजे उरलेसुरले रबर, जितके कमी तितके चांगले, अशी समजूत असते. पण टायरमध्ये वजन कोण उचलतो? हवा उचलते. भिंत ही त्या हवेची खोली आहे.

आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी तापवून चढवत. तिला धाव म्हणतात. धाव म्हणजे शून्य उंचीचा टायर. ती कधी पंक्चर होत नाही, वळणावर झुकत नाही, आणि दगडावरून जाताना बसलेला प्रत्येक दणका आऱ्यांतून तुंब्यात, तुंब्यातून कण्यात आणि कण्यातून बैलांच्या खांद्यावर पोचवते. ज्याने धावेच्या गाडीत ऊस भरून ओढ्यातला रस्ता काढला आहे आणि पुढे हवेच्या चाकांची डनलॉप गाडी घेतली आहे, त्याला हवेचे काम कोणी शिकवावे लागत नाही. बैलांची ओढ हलकी झाली, गाडीचा सांगाडा खिळखिळा व्हायचा थांबला. मोटारही याच रस्त्याने गेली. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, डनलॉपने १८८८ मध्ये तो पुन्हा शोधला, आणि १९२३ मध्ये फायरस्टोनने मोटारींसाठी ‘बलून टायर’ आणला, जास्त हवेचा आणि कमी दाबाचा. त्या काळी प्रगती म्हणजे अधिक हवा होती. चेन्नईच्या तिरुवोट्टियूरमध्ये मामेन माप्पिल्लै यांनी १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे बनवण्याचा कारखाना काढला आणि १९६० च्या दशकाच्या उंबरठ्यावर तोच कारखाना टायरकडे वळला. आजची एमआरएफ ती. फुगा आणि टायर यांतले नाते तिथे शब्दशः खरे आहे.

हवेची खोली कमी केली की दोन गोष्टी होतात. पहिली टायरवरच लिहिलेली असते, पण सहसा कोणी वाचत नाही. १८५/६५ आर १५ च्या टायरवर भारांक ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. २०५/४५ आर १७ च्या साध्या टायरवर ८४, म्हणजे ५०० किलो. दोन सेंटीमीटर रुंद असलेला टायर साठ किलो कमी उचलतो. ती तूट भरून काढायला ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारचा टायर घ्यावा लागतो आणि त्यात हवा जास्त दाबाने भरावी लागते. दाब वाढला की टायर आणखी कडक. टायर ही मुळातच गाडीच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी पट कडक स्प्रिंग आहे, आणि रस्त्याशी पहिली भेट तिचीच होते. तिला आणखी कडक करायचे आणि मग सस्पेन्शनचे बुश लवकर गेले म्हणून तक्रार करायची, हे आम्ही सगळे करतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. चाक खड्ड्यात जाते आणि समोरच्या धारदार कडेवर आपटते तेव्हा भिंत दबते. उंच भिंतीला दबायला जागा असते, त्या काही मिलिमीटरांत धक्क्याची ताकद जिरते. आखूड भिंत दबून संपते. मग रस्त्याची कड आणि रिमची ओठासारखी धार यांच्यामध्ये रबर चिमटते आणि आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी, तिथे फुगा येतो. रबर अजून शाबूत असते, त्याला धरून ठेवणारे धागे नसतात. अशा टायरला पंक्चरवाला ठिगळ लावू शकत नाही, कारण भिंतीवरचे काम टिकत नाही. टायर टाकूनच द्यावा लागतो. शेजारची रिमही बहुधा वाकलेली असते, आणि अॅल्युमिनियमची रिम ठोकून सरळ केली तरी तिच्यात बारीक तडा राहिला नाही याची खात्री कोण देणार? मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत एक ओळ असते. गाडीचे इतर नुकसान त्याच वेळी झाले नसेल तर टायरची भरपाई नाही, झाले असेल तरी बदलण्याच्या खर्चाच्या निम्मीच. खड्ड्यात फक्त टायर गेला तर सगळा खर्च मालकाचा. टायरसाठी वेगळे पूरक कवच घेतले असेल तरच गोष्ट निराळी.

हे सगळे मैलापुरात रोज घडू शकते. तिरुमयिलै स्थानकात मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातल्या दोन मार्गिका एकमेकींना भेटणार आहेत, आणि त्या खोदकामापायी लूझ आणि आर. के. मठ रोडच्या परिसरात पत्र्याचे अडसर, वळवलेले रस्ते आणि तात्पुरते बुजवलेले चर वर्षानुवर्षे आमच्या सोबतीला आहेत. डांबराचा नवा थर चढला की मॅनहोलची झाकणे खोलगट राहतात, आणि झाकणाची लोखंडी कड ही खड्ड्याच्या कडेइतकीच धारदार असते. गतिरोधकांचे इंडियन रोड्स काँग्रेसचे माप ठरलेले आहे. ताशी २५ किलोमीटरसाठी उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, पाठ १७ मीटर त्रिज्येची. त्या मापाचा उंचवटा एखाद्या लाटेसारखा अंगाखालून जातो. गल्लीत प्रत्यक्षात असतात ते हातभर रुंदीचे बंधारे. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात हे सगळे पाण्याखाली जाते, मग कुठे खोली आहे ते चालवणाऱ्याला चाक खाली गेल्यावरच कळते. आमच्या रस्त्यांवर वेग वीस-पंचवीसचा. पातळ टायरचा गुण दिसायला जो वेग लागतो तो इथे येतच नाही, आणि त्याचा दोष दिसायला वीसचा वेग पुरतो.

यावर नेहमीचे उत्तर येते की दोष रस्त्याचा आहे, टायरचा नाही. रस्ते सुधारा, टायरला का नावे ठेवता? रस्ते सुधारलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही, आणि नागरिक म्हणून त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण टायरची निवड आज करायची आहे आणि टायर चार-पाच वर्षे चालवायचा आहे. शिवाय गुळगुळीत रस्त्याच्या देशांतही खड्ड्याने फुटलेले पातळ टायर ही ओळखीची तक्रार आहे. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठून रस्ते उखडतात. हवेची खोली ही वाईट रस्त्यापुरती सोय नाही. अनपेक्षित गोष्ट समोर आली तर वापरायची ती राखीव जागा आहे.

आमच्या शहराभोवती टायरचे कारखाने आहेत. अपोलोचा ओरगडमला, जेके टायरचा श्रीपेरुंबुदूरला, मिशलॅचा तेरवॉय कंडिगैला. ‘ते लोक उगीच असे टायर बनवतील का?’ असेही विचारले जाते. ते प्रत्येक मागणीसाठी बनवतात, आणि प्रत्येक टायरच्या भिंतीवर त्याची मर्यादा कोरून देतात. गाडी बनवणाराही चालकाच्या दाराच्या चौकटीवर चाकाचे माप आणि हवेचा दाब छापून देतो. तो कागदही प्रमाणच आहे. पूर्वपक्ष त्या प्रमाणाकडे बोट दाखवत नाही.

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या गाडीच्या डाव्या पुढच्या टायरला फुगा आला. मेट्रोच्या वळवलेल्या रस्त्यावर पाण्यात चाक गेले होते, वेग रिक्षाच्या मागे जाण्याइतका. एका दुकानात त्याला सल्ला मिळाला की हवा पाच पीएसआयने कमी ठेवा, गाडी मऊ चालेल. हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो सर्वांत घातक आहे. आखूड भिंतीला धक्का पेलायला दाबाशिवाय दुसरा आधार नसतो. दाब काढला की भिंत आणखी लवकर चिमटते, चालताना जास्त वाकते आणि तापते. मऊपणा हवा तर तो उंचीतून मिळवायचा, दाब घटवून नव्हे.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याला सोळा इंचांच्या खाली यायचे नव्हते. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१ मिलिमीटर भरतो आणि भिंत १०७ ची. मी चौदावर ठाम होतो. शेवटी त्यानेच विचारले, “कंपनीने याच गाडीला आणखी कुठले माप दिले आहे?” १८५/६५ आर १५. व्यासातला फरक दोन मिलिमीटर, भारांक ८८, भिंत १२० मिलिमीटर, आणि स्टिअरिंग चौदा इंचीपेक्षा थोडे तल्लख. त्या मापावर मला आक्षेप घेता आला नाही. ८० वरून ६५ वर येणे ही टायरच्या शास्त्राने कमावलेली खरी सुधारणा आहे, आणि माझे खंडन त्याच्या पुढच्या पायऱ्यांपुरते आहे. राहिला दिसण्याचा मुद्दा. सतरा इंची चाकांवर त्याची गाडी अधिक सुंदर दिसत होती, हे मी त्याला सांगितले.